क्लिक म्हणजे खटका?

आमच्या लेकीनं इंग्रजीच्या वहीत एक वाक्य लिहिलं आणि घराला आठवडाभर हसू पुरलं. ती सहावीत आहे. बाईंनी दहा शब्द दिले होते. अर्थ लिहायचा आणि वाक्यात उपयोग करायचा. त्यातला एक शब्द होता ‘क्लिक’. लेकीनं घरातला पानं सुटलेला शब्दकोश काढला. त्यात अर्थ सापडला : खटका. मग तिनं वाक्य जुळवलं, ‘माय दादी अँड माय अम्मी क्लिक एव्हरी डे.’ तिला म्हणायचं होतं की, माझ्या दादीचे आणि अम्मीचे रोज खटके उडतात. बाईंनी त्यावर लाल शाईनं बरोबरची खूण केली आणि बाजूला ‘छान’ असा शेरा दिला. कारण इंग्रजीत त्या वाक्याचा अर्थ नेमका उलटा होतो. दादीचं आणि अम्मीचं रोज छान जुळतं!

आम्ही हसलो खरे, पण ते वाक्य आम्हाला खटकलंही. कारण लेकीनं लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. त्या एका शब्दाच्या मागे लागून आम्ही चार गोष्टी वाचल्या, चार गोष्टी ऐकल्या, आणि शेवटी घरातली एक गोष्ट आम्हाला कळली, जी फार आधी कळायला हवी होती. म्हणून हे लिहीत आहोत.

दुकानातला खटका

आमचं मलकापूर म्हणजे शाहूवाडी तालुक्यातलं. बुलढाण्याचं नव्हे आणि कराडजवळचंही नव्हे. कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालं की आंबा घाटाच्या अलीकडे लागतं ते. एके काळी विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचं हे ठाणं. पाऊस इथे चार महिने मुक्कामाला येतो. अशा गावात विजेच्या सामानाचं दुकान असलं की गिऱ्हाइकाला तोटा नसतो, कारण ओल धरली की बटणं बिघडतात.

आमच्याकडे तरुण पोरं येतात ती ‘स्विच’ मागतात. मधल्या वयाची माणसं ‘बटण’ म्हणतात. आणि वाड्यावस्त्यांवरून येणारी म्हातारी माणसं अजूनही म्हणतात, ‘दिव्याचा खटका द्या.’ तिन्ही शब्दांत आम्हाला हाच जास्त खरा वाटतो. दाबलं की ‘खट्’ वाजतं, म्हणून खटका.

हा आवाज येतो कुठून, ते पुष्कळांना माहीत नसतं. बटणाच्या आत एक स्प्रिंग असते. आपण बटण हळूहळू दाबलं तरी ती स्प्रिंग एका मर्यादेपर्यंत ताणली जाते आणि मग एकदम पलीकडे उडी मारते. त्या उडीबरोबर आतली धातूची पट्टी झटक्यात जोडली जाते किंवा तुटते. हे झटक्यातच व्हावं लागतं. पट्टी सावकाश सुटली तर मधल्या फटीत ठिणगी रेंगाळते आणि टोकं जळतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स या माणसानं १८८४ साली असं झटक्यानं तुटणारं बटण बनवलं. आजही घराघरांतली बटणं त्याच तत्त्वावर चालतात. बटणातून ‘खट्’ असा ठाम आवाज येणं बंद झालं की आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, आता बदला. आवाज दमला म्हणजे स्प्रिंग दमली.

इंग्रजांनी याच आवाजाला ‘क्लिक’ म्हटलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून हा शब्द इंग्रजी लेखनात सापडतो, म्हणजे विजेच्या बटणाच्या तीनशे वर्षं आधीपासून. तेव्हा वाजत होती कुलपं, कड्या, घड्याळं. डच भाषेतही याच्याशी मिळताजुळता शब्द आहे आणि जुन्या फ्रेंचमध्येही. याला व्युत्पत्ती अशी वेगळी नाही. कानानं ऐकलं, जिभेनं नक्कल केली, शब्द झाला. आपल्या व्याकरणात अशांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात.

एकच आवाज, दोन अर्थ

पण नक्कल झाल्यावर पुढे काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. इंग्रज माणसाला तो आवाज ऐकून किल्ली कुलपात बरोबर बसल्यासारखी वाटली असावी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्या भाषेत दोन माणसांचं पहिल्याच भेटीत जमलं तर ते ‘क्लिक’ झाले असं म्हणू लागले. एखादी गोष्ट अचानक उमगली की डोक्यात ‘क्लिक’ झालं. आता आपली कॉलेजची मुलंही मराठी बोलताना असंच म्हणतात. सिनेमा चालला नाही, की तो ‘क्लिक झाला नाही’.

मराठी कानाला मात्र त्याच आवाजात काहीतरी अडकल्याचं, आदळल्याचं ऐकू आलं. दोन माणसं आदळली की खटका उडाला. मनाला पटलं नाही की खटकलं. फाशी देणारा ओढतो तोही खटकाच. एकच बरा अर्थ आहे, तो नाटक-सिनेमाच्या परीक्षणात : खटकेबाज संवाद! आणि आपल्या घरातल्या दखनी-उर्दूत तर खटका म्हणजे मनातली धास्ती. दिल में खटका हुआ, असं दादी नेहमी म्हणते. मुलगा घाटातून उशिरा येतो आहे, पाऊस थांबत नाही, तेव्हा होतो तो खटका.

मग आम्ही रात्री जेवणानंतर एक खेळच सुरू केला. घरातल्या भांडणाचे शब्द आठवायचे. लेक कागदावर लिहीत गेली : कुरबूर, कुरकुर, धुसफूस, कटकट, किटकिट, किरकिर, पिरपिर, भुणभुण, पुटपुट, कुजबुज. कागद भरला. सगळे आवाजाचेच शब्द! मग काळजीचे आठवले : धाकधूक, धडधड, हुरहूर, रुखरुख, चुटपुट. आपली मराठी मनातल्या गोष्टी सांगताना आधी कान लावते, हे आम्हाला त्या रात्री नव्यानं समजलं.

लेक मकतबात जाते, म्हणून तिनं विचारलं, अरबीत असे शब्द आहेत का? आहेत. अरबीत दोन अक्षरांची जोडी दोनदा येऊन झालेले शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेकांत आवाज किंवा हालचाल जशीच्या तशी उतरते. भूकंपाला जलजला म्हणतात, त्यात जमीन दोनदा हादरते. कुजबुजीला वसवसा म्हणतात. कुरआन शरीफच्या शेवटच्या सूरेत, सूरह नासमध्ये, मनात कुजबुजून संशय पेरणाऱ्यापासून पनाह मागितली आहे. हा शब्द उर्दूत आला तो संशय, शंका या अर्थानं. म्हणजे अरबी माणसाला संशय कुजबुजीसारखा ऐकू आला, उर्दूवाल्याला खटक्यासारखा. आणि मराठी माणसाला? त्याच्या मनात पाल चुकचुकते!

जिभेची टिचकी

ती पालीची चुकचुक म्हणजेही क्लिकच. आपण स्वतःही तो आवाज काढतो. कुणाचं वाईट झालं की जीभ दातांमागे चिकटवून ओढून सोडतो, च् च् च्. त्यावरूनच ‘चुकचुकणे’ म्हणतो. बैलाला, घोड्याला हाकताना गालाच्या बाजूनं वेगळा आवाज काढतो. आपल्याकडे हे आवाज भाषेच्या बाहेर राहिले. बाराखडीत त्यांना अक्षर नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या झोसा आणि झुलू भाषांत मात्र ती चक्क व्यंजनं आहेत. नेल्सन मंडेला यांची मातृभाषा झोसा. त्या नावातला पहिला आवाजच गालाच्या बाजूनं काढायच्या टिचकीचा आहे. आपण आपल्या सोयीनं ‘झोसा’ म्हणतो इतकंच. घाट उतरून कोकणात गेलं तर केपटाउनला स्थायिक झालेल्या नातेवाइकांची मुस्लिम घरं पुष्कळ सापडतात. त्या नातेवाइकांना हे आवाज बाजारहाटात ऐकायची सवय असेल. आपण ज्या आवाजानं हळहळ दाखवतो, त्याच आवाजानं तिकडे कुणी भाजीचा भाव सांगत असेल!

टिचकी हा शब्द इथे मुद्दाम वापरला. संगणकाचा माऊस आला आणि क्लिकला नवा अर्थ मिळाला. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ च्या सुमारास लाकडी ठोकळ्याचा पहिला माऊस बनवला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तो लोकांना दाखवला. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकानंतर तो घराघरांत जाऊ लागला. पुढे संगणकावर मराठी आली तेव्हा काही मंडळींनी ‘इथे क्लिक करा’ऐवजी ‘येथे टिचकी मारा’ असं लिहायला सुरुवात केली. पुष्कळांना ते हसू येण्यासारखं वाटलं. आम्हाला तो शब्द आवडतो. बोटाचं काम, क्षणाचं काम, आणि आवाजही येतो.

आता फोनच्या काचेवर बोट ठेवलं तर काहीच वाजत नाही. फोटो काढताना ‘खचॅक्’ वाजतं, तोही रेकॉर्ड केलेला आवाज. फोनच्या कॅमेऱ्यात जुन्या कॅमेऱ्यासारखा उघडझाप करणारा पडदा नसतो. आधी माणसानं यंत्राच्या आवाजाची नक्कल केली, आता नवं यंत्र जुन्या यंत्राची नक्कल करतं. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये हा आवाज सहसा बंदच करता येत नाही. कुणाचा चोरून फोटो काढू नये म्हणून. हे वाचल्यावर दादीनं एवढंच म्हटलं, ‘अच्छा किये.’

टिचकीचा सगळ्यात जुना उपयोग मात्र बाजारातला. मडकं घेताना दादी ते डाव्या हातावर तोलते आणि उजव्या हाताच्या बोटानं टिचकी मारते. खणखणीत वाजलं तर पिशवीत, बद्द वाजलं तर परत. बद्द वाजतं म्हणजे कुठंतरी बारीक चीर आहे, डोळ्याला न दिसणारी. टिचकीनं टिचलेलं कळतं. आणि या आवाजालाही अरबीत शब्द आहे : सलसाल. वाळलेली, टिचकी मारली की वाजणारी माती. सूरह रहमानमध्ये माणसाच्या घडणीची गोष्ट येते, तिथे हाच शब्द आहे, कुंभाराच्या भाजक्या मातीची उपमा देऊन. माणूस वाजणाऱ्या मातीचा आहे, हे आम्ही लेकीला सांगितलं तेव्हा तिनं लगेच स्वतःच्या कपाळावर टिचकी मारून पाहिली.

शेवयांची गोष्ट

आता घरातल्या चिरेकडे येऊ.

खटके गेली दोन वर्षं वाढत चालले होते. सगळ्यात मोठा ईदच्या आदल्या रात्री उडाला. अम्मीनं ओट्याशी काम करता करता दादीला सांगितलं होतं की शेवया कमी आहेत, दुकानातून येताना आणायला सांगा. नळ चालू होता, पाठ दादीकडे होती. निरोप आमच्यापर्यंत आला नाही. ईदच्या सकाळी पातेल्यात दूध तयार आणि शेवया निम्म्याच. अम्मी म्हणाली, ‘मी सांगितलं होतं.’ दादी म्हणाली, ‘तू सांगितलंच नाहीस. तू हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस. माझ्याविषयी काय बोलतेस ते मला कळत नाही असं समजू नकोस.’ आठ दिवस दोघी एकमेकींशी लेकीमार्फत बोलत होत्या. आम्ही काय केलं? दुकानात जाऊन बसलो. सासू-सुनेचं असतंच, असं म्हणणं पुरुषाला सोपं जातं. दोघीही खरं बोलत असतील, हे आमच्या डोक्यात आलं नाही.

ते लेकीच्या डोक्यात आलं. आवाजाच्या शब्दांचा खेळ चालू होता, तेव्हा तिनं नवा नियम काढला. एक मिनिट सगळ्यांनी डोळे मिटून गप्प बसायचं आणि मग काय काय ऐकू आलं ते सांगायचं. आम्ही सांगितलं : पत्र्यावरचा पाऊस, रस्त्यावरची एसटी, भिंतीवरचं घड्याळ, पाल. अम्मीनंही तेच सांगितलं. दादीनं सांगितलं : पाऊस, एसटी. ‘घड्याळ?’ लेकीनं विचारलं. दादी म्हणाली, ते तर बंद पडलंय कधीचं. घड्याळ चालू होतं. ‘आणि पाल?’ दादी म्हणाली, पाली आता राहिल्या नाहीत घरात, अल्हम्दुलिल्लाह. त्याच वेळी खिडकीमागून पाल चुकचुकली. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दादीनं पाहिलं नाही.

रात्री लेक हळूच आमच्याजवळ आली. म्हणाली, ‘अब्बा, दादी हल्ली माझ्या चुका काढत नाही.’

हे ऐकून आमच्या काळजात खरा खटका झाला. दादीकडे अर्ध्या गल्लीतल्या मुली कुरआन वाचायला शिकल्या आहेत. मखरजच्या बाबतीत ती कडक. सीन, शीन, साद, से, एकाच्या जागी दुसरं आलं की बोट वर व्हायचं आणि तीच आयत पुन्हा वाचावी लागायची. लेक सांगत होती, ‘मी मुद्दाम शीनच्या जागी सीन म्हणून पाहिलं. दादी मान हलवत राहिली. ती माझ्या ओठांकडे बघत होती.’

घाटाचा उतार

कोल्हापूरला कानाच्या डॉक्टरांकडे जायला दादी तयार नव्हती. ‘मेरे कान अच्छे हैं, तुम लोगाँ हळू बोलते.’ अजान ऐकू येते, दारावरची हाक ऐकू येते, मग कान बिघडले कसे? तिचा मुद्दा बिनतोड होता. उत्तर आम्हाला तपासणीच्या खोलीत मिळालं.

आधी कानात मळ साचला आहे का ते पाहिलं. कधीकधी तेवढ्यानंच काम भागतं. मग बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं, हातात एक बटण दिलं. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. काचेतून आम्ही पाहत होतो. जाडे, घुमणारे आवाज आले की दादी पटकन बटण दाबायची. आवाज बारीक आणि टोकदार होत गेले तसं बटण शांत होत गेलं. शेवटी कागदावर एक रेघ निघाली. डावीकडे जवळपास सपाट, मग एकदम खाली. मलकापूरहून आंब्यापर्यंत गाडी नीट जाते आणि मग घाट सुरू होतो, तशी.

तिथल्या ताईंनी समजावून सांगितलं. आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक वळणदार नळी असते. तिच्यात सूक्ष्म केसांच्या हजारो पेशी असतात. बारीक, उंच आवाज नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी पकडतात, जाडे आवाज आतल्या टोकाकडच्या. वय वाढलं की तोंडाशी असलेल्या आधी झिजतात, आणि माणसाच्या या पेशी पुन्हा उगवत नाहीत. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ई, ओ, हे जाड्या आवाजांत येतात. स, श, च, त, फ यांसारखी व्यंजनं बारीक आवाजांत. म्हणून अशा माणसाला कुणीतरी बोलतं आहे हे ऐकू येतं, काय बोलतं आहे ते कळत नाही. अजान लांब स्वरांची, ती पोचते. शेवया पोचत नाहीत.

सून बोलते आहे, पण शब्द लागत नाहीत. मग माणूस काय समजणार? पुटपुटते आहे. आपल्याविषयीच असणार. दादीच्या मनात कुणी वसवसा घातला नव्हता, तो झिजलेल्या कानानं घातला होता. आणि अम्मीला वाटत होतं की सासू ऐकून न ऐकल्यासारखं करते. दोघींच्या मनात पाल चुकचुकत होती, आणि भिंतीवरची खरी पाल दादीला ऐकूच येत नव्हती.

परतताना गाडीत दादी एकदाच बोलली. आपल्याला ठाऊक होतं, असं ती म्हणाली. ‘सीन और शीन का फर्क गया, तो मैं समझी. किसकू बोलना?’ उस्तानी म्हणून जिला मान आहे, तिनं तो मान जाईल या भीतीनं दोन वर्षं ओठ वाचून शिकवलं होतं. अम्मी शेजारी बसली होती. तिनं दादीचा हात धरला आणि बांबवड्यापर्यंत सोडला नाही.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट कळली, ती लहान बाळांच्या आयांसाठी सांगतो. तान्ह्या बाळाला ऐकू येतं का, हे बटण दाबायला लावून तपासता येत नाही. तेव्हा बाळ झोपलेलं असताना त्याच्या कानात बारीक क्लिक क्लिक असे आवाज सोडतात आणि डोक्याला लावलेल्या तारांवरून मेंदूपर्यंत ते पोचले की नाही ते यंत्र टिपतं. या तपासणीला बेरा म्हणतात. आपल्या घरात बाळ जन्मलं की त्याच्या कानात अजान देतात. ती त्याला ऐकू गेली का, हे पाहणंही आपलंच काम. बहिरेपण लवकर कळलं तर मूल बोलायला शिकण्याची आशा खूप वाढते.

तुमच्या घरातही कान द्या

वाचकांना चार साध्या खुणा सांगाव्याशा वाटतात. घरातलं वडील माणूस टीव्हीचा आवाज वाढवत असेल, एकाला दुसरंच उत्तर देत असेल, लग्नात-दावतीत कोपऱ्यात गप्प बसू लागलं असेल, ‘तुम्ही सगळे हळू बोलता’ अशी तक्रार करत असेल, तर त्याला चिडचिडं ठरवण्याआधी कान तपासून घ्या. कानात तेल, काडी, पिन घालू नका.

ओरडू नका. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, हरवलेली व्यंजनं काही स्पष्ट होत नाहीत, आणि ऐकणाऱ्याला राग मात्र ऐकू येतो. आधी नावानं हाक मारा, समोर या, तोंडावर उजेड असू द्या, नळ बंद करा, आणि सावकाश बोला. एवढ्यानंसुद्धा घरातली निम्मी कुरबूर कमी होऊ शकते. आमच्याकडे झाली.

दादीनं श्रवणयंत्र लावायला महिनाभर खळखळ केली. लावलं तेव्हा पहिले काही दिवस वैतागली. कागद केवढा वाजतो, भांडी केवढी वाजतात, आपलीच चप्पल केवढी वाजते! ताईंनी हे आधीच सांगितलं होतं. विसरलेले आवाज मेंदूला पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात. घाई करून यंत्र पेटीत टाकू नका. एके दिवशी आम्ही दुकानातून आलो तर दादी माजघरातल्या बोर्डाजवळ उभी राहून दिवा लावत होती, बंद करत होती. आम्ही विचारलं, बिघडलंय का? म्हणाली, ‘नहीं रे. खटका बजता सो सुन रही.’

सगळं गोड झालं असं लिहिलं तर घरातलेच हसतील. खटके अजून उडतात. मिठावरून उडतात, पोरीच्या शाळेवरून उडतात. पण आता ज्या गोष्टीवरून उडतात ती गोष्ट दोघींना ऐकू आलेली असते. अम्मी म्हणते, आता मला खरंच पुटपुटायची सोय राहिली नाही.

लेकीनं वहीतलं वाक्य खोडलं नाही. बाईंनी छान म्हटलंय ना, मग असू दे, म्हणते. परवा मगरीबनंतर ती दादीसमोर वाचत बसली होती. बाहेर पाऊस होता, अम्मी दाराशी कपडे घड्या घालत होती. वाचता वाचता लेकीचा एक शीन घसरला, या वेळी मुद्दाम नव्हे. दादी मुसहफवर नजर ठेवून बसली होती, ओठांकडे पाहत नव्हती. तिचं बोट वर झालं.

‘सीन नको. शीन. फिर से पढ.’

लेकीनं पुन्हा वाचलं. अम्मीच्या हातातली घडी अर्धीच राहिली होती.